मुठीतला झोपाळा

मामांची ती करडी डबी मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, कडक प्लॅस्टिकची. एका टोकाला डोळ्याला लावायचे भिंग, समोरच्या टोकाला दुधी रंगाची खिडकी आणि उजव्या अंगाला एक छोटी दांडी, जिच्या टोकाचा लाल मणी तेव्हाही सैल होता आणि आजही सैलच आहे. आत दिवा नाही, सेल नाहीत, आवाज नाही. खिडकी उजेडाकडे करायची, एक डोळा मिटायचा आणि दांडी फिरवायची. मग आत एक वयस्क बाई झोपाळ्यावर झोके घेऊ लागते, आणि दांडी थांबली की तीही हवेतल्या हवेत थांबते. फिल्मची पट्टी हाताने फिरवून पाहायच्या या वस्तूला घरात व्ह्यूअर असे कोणी म्हणत नसे. ती ‘मामांची डबी’ होती, आणि ती मागायची तर आधी हात धुऊन, पुसून, कोरडे झाल्याचे मामांना दाखवावे लागे.

मामा बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओत डार्करूम सांभाळत. १९६०च्या दशकात पूर्व आफ्रिकेतून बडोद्याला परतलेल्या गुजराती कुटुंबांपैकी एका घराने ८ मिलिमीटरचा कॅमेरा, काही रिळे आणि मुलांसाठी ही डबी बरोबर आणली होती. डबीत मुळात कसलीशी कार्टूनची पट्टी होती. मुलांनी ती फिरवून फिरवून फाडली आणि दुरुस्तीसाठी डबी स्टुडिओत आली. तशी पट्टी बडोद्यात मिळणे शक्यच नव्हते. तेव्हा मामांनी त्या घरातलेच एक रीळ मागून घेतले आणि त्यातला एक तुकडा कापून, दोन टोके जोडून, तो डबीत बसवला. पुढे ते कुटुंब इंग्लंडमधल्या लेस्टरला गेले आणि जाताना डबी मामांना देऊन गेले.

मामांनी कोणता तुकडा निवडला, हे सविस्तर सांगायला हवे, कारण मला स्वतःला त्याचे मोल कळायला पन्नास वर्षे लागली. साध्या ८ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात ८० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, असतात. पन्नास फुटांचे रीळ सेकंदाला १६ फ्रेमच्या गतीने जेमतेम चार मिनिटे चालते. डबीत मावणारी पट्टी तर अवघी अडीच फुटांची, म्हणजे २०० फ्रेमची, साडेबारा सेकंदांची. एवढ्या छोट्या पट्टीत वाढदिवस किंवा लग्नाची वरात घातली असती तर दर बारा सेकंदांनी माणसे एकदम मागे फेकली गेली असती. मामांनी त्या घरातल्या बांचा (गुजरातीत वडीलधाऱ्या बाईला ‘बा’ म्हणतात) झोपाळा निवडला. झोका पाठीमागे पुरता गेला की पुढे येण्याआधी क्षणभर थांबतो. त्या थांबलेल्या क्षणी त्यांनी पट्टी कापली, पाच हेलकावे मोजले आणि पुन्हा तसाच थांबलेला क्षण आला तिथे दुसरा काप घेतला. त्यामुळे जोड डोळ्यांना कळत नसे. बा झोके घेत राहत, आणि सुरुवात कुठे नि शेवट कुठे, हे सांगता येत नसे.

एका खुणेने मात्र ते सांगता येई. पाचव्या हेलकाव्याच्या अखेरीस चौकटीच्या अगदी डाव्या कडेला, दारात, अर्ध्या चड्डीतला एक मुलगा येऊन उभा राही. त्याचा एक पाय उंबऱ्यावर पडला की जोड येई आणि तो नाहीसा होई. पुन्हा पन्नास वेळा दांडी फिरवली की पुन्हा तो दारात. दांडीच्या एका फेऱ्याला चार फ्रेम सरकतात, हे मी लहानपणी मोजून काढले होते. त्या मुलाला घरात घ्यायचे म्हणून मी दांडी जोरात, हळू, उलटी, सगळ्या तऱ्हांनी फिरवून पाहिली होती.

डबीचे काम सोपे आहे. दांडीला जोडलेली एक बारीक पितळी नखी पट्टीच्या कडेच्या छिद्रात शिरते, पट्टी एका फ्रेमने खाली ओढते, बाहेर येते आणि पुढच्या छिद्रासाठी वर जाते. फ्रेम केवढी, तर ४.५ मिलिमीटर रुंद आणि ३.३ मिलिमीटर उंच, म्हणजे तुरीच्या डाळीवर मावेल एवढी. खऱ्या प्रोजेक्टरमध्ये फ्रेम सरकत असताना शटर उजेड अडवते. या डबीत शटर नाही, त्यामुळे एक फ्रेम जाऊन दुसरी येताना चित्र किंचित ओघळते. बांच्या साडीचा पांढरा रंग त्या ओघळण्यात खालवर पसरे आणि बा पाण्यातच झोके घेत आहेत असे वाटे. हे यंत्राचे वैगुण्य आहे हे मला ठाऊक नव्हते. बांची साडीच तशी असेल असे मी समजत होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारची, फाइन आर्ट्समध्ये शिल्पकला शिकणारी मुलगी मामांकडे माझ्याबरोबर आली, तिने डबी डोळ्याला लावली, बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, “मावशी, हा तर फ्लक्सस आहे.” मला वाटले, ती एखाद्या कंपनीचे नाव सांगते आहे. तिने फोनवर एक छायाचित्र काढून दाखवले. त्यात एक लाकडी पेटी होती, पेटीत कप्पे, कप्प्यांत फिल्मच्या छोट्या गुंडाळ्या, आणि त्यांच्याजवळ, मामांच्या डबीची दूरची चुलत बहीण शोभावी अशी, हाताने फिरवायची एक डबी.

त्यानंतर मी या विषयावर जे वाचले ते थोडक्यात असे. फ्लक्सस हे १९६०च्या दशकातल्या कलावंतांच्या एका सैलसर मेळ्याचे नाव. हे नाव देणारा जॉर्ज मॅच्युनस मूळचा लिथुएनियाचा, जन्म १९३१चा, न्यूयॉर्कमध्ये ग्राफिक डिझायनर म्हणून काम करणारा. १९६२ साली जर्मनीतल्या व्हीसबाडेन येथे या मंडळींचा पहिला महोत्सव झाला. कलावस्तू महाग, एकमेव आणि भिंतीवर टांगलेली असलीच पाहिजे या समजुतीला या लोकांचा विरोध होता. मॅच्युनस स्वस्त प्लॅस्टिकच्या डब्या घाऊक घेई, त्यांत मित्रांनी सुचवलेल्या वस्तू भरी, वर स्वतः रचलेली लेबले चिकटवी आणि टपालाने विके. ‘फ्लक्स इयर बॉक्स २’ ही १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातली लाकडी पेटी त्याच उद्योगातली. तिच्यात निरनिराळ्या कलावंतांच्या ८ मिलिमीटर फिल्मच्या गोल जोडलेल्या पट्ट्या होत्या आणि त्या पाहायला हातडबी होती. म्हणजे पडदा, अंधार, खुर्च्या, तिकीट हे सारे वगळून सिनेमा एका माणसाच्या मुठीत दिलेला होता, आणि तो चालवायचा की नाही, किती वेगाने, सुलटा की उलटा, हे त्या माणसावर सोपवलेले होते.

यात नवे काय, असा प्रश्न मला पडला, कारण सिनेमाचा जन्मच मुळी एकट्या डोळ्यासाठी झाला होता. एडिसनच्या किनेटोस्कोपचे पहिले दुकान न्यूयॉर्कमध्ये १८९४च्या एप्रिलमध्ये उघडले, तेव्हा लोक रांगेने एकेका पेटीवर वाकून भोकातून पाहत, आणि पेटीच्या आत सुमारे पन्नास फुटांची फिल्म टोकाला टोक जोडून चकऱ्यांवरून फिरत असे. पडद्यावर सगळ्यांना एकत्र चित्र दाखवण्याचा ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला खेळ त्यानंतर, डिसेंबर १८९५मध्ये झाला, आणि सात महिन्यांच्या आत तो मुंबईलाही पोहोचला. फ्लक्ससच्या मंडळींनी सत्तर वर्षे मागे जाऊन ती पेटी पुन्हा उचलली. फरक एवढा केला की एडिसनच्या पेटीतली मोटर काढून प्रेक्षकाच्या हातात दांडी दिली. माझ्या मते सारी कला त्या दांडीत आहे. मोटर असलेल्या पेटीत माणूस पाहतो. दांडी असलेल्या पेटीत त्याला पाहण्याचे श्रम करावे लागतात, आणि कंटाळा आला तर चित्र संपत नाही, त्याचा हात थांबतो.

एका डोळ्याचा हा आग्रह फ्लक्ससच्या आधीही होता. मार्सेल द्युशां या फ्रेंच कलावंताने १९१८ साली ब्यूनोस आयरेस येथे काचेवर एक काम केले आणि त्याला ‘काचेच्या पलीकडून, एका डोळ्याने, जवळून, जवळजवळ तासभर पाहण्यासाठी’ अशा अर्थाचे नाव दिले. काचेत एक भिंगही बसवले. नाव कसले, डॉक्टरने औषधाच्या बाटलीवर लिहून द्यावी तशी ती सूचना आहे. कलाकृतीने प्रेक्षकाला उभे कुठे राहायचे, डोळा कुठे लावायचा आणि वेळ किती द्यायचा हे सांगावे, ही गोष्ट मला फार आवडली. मामांची हात धुण्याची अटही त्याच जातीची.

इथे बडोद्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॅच्युनस न्यूयॉर्कमध्ये डब्यांना लेबले चिकटवत होता त्याच दशकात इथल्या फाइन आर्ट्स विद्याशाखेत, जी १९५० साली सुरू झाली, शिक्षक आणि विद्यार्थी मिळून फेअर भरवत आणि त्यात स्वतः केलेल्या वस्तू सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत विकत. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा चित्रकार त्या फेअरसाठी लाकडाची, मण्यांची, चामड्याची खेळणी करी. चित्रकाराने खेळणे केले तर तो उणा होत नाही, कारागिरी आणि कला यांच्यात भिंत नाही, हे सुब्रमण्यन यांनी जन्मभर सांगितले. फ्लक्ससच्या डबीत बाजाराला आणि संग्रहालयाला चिमटा काढण्याचा हेतू होता. बडोद्याच्या खेळण्यात चिमटा नव्हता, हातात घेणाऱ्याला हसू यावे एवढाच मतलब होता. मला या दोहोंतले दुसरे अधिक अवघड वाटते. (आणि सिनेमाच्याच गोष्टी चालल्या आहेत तर हेही सांगते, की दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडी थोडी फिल्म खर्चून, त्याचा वेल वाढताना दाखवला होता. कॅमेऱ्याची दांडी हळू फिरवली तर दिवस मिनिटात मावतात, हे त्यांना कोणत्याही अवाँ-गार्द, म्हणजे कलेची रूढ चौकट मोडू पाहणाऱ्या, मंडळाने शिकवलेले नव्हते.)

फिल्मच्या दुकानी डब्या बडोद्यात क्वचित दिसत, पण आम्हा मुलांचा घरगुती मार्ग होता. टॉकीजमागे फेकलेले ३५ मिलिमीटरचे तुकडे गोळा करायचे, उडालेल्या बल्बचे पोट रिकामे करून त्यात पाणी भरायचे, की झाले भिंग. एकाने दाराबाहेर आरसा धरून उन्हाचा कवडसा फटीतून आत पाठवायचा आणि भिंतीवर नटाचा उलटा चेहरा उमटवायचा. आरसा धरणाऱ्याला चित्र कधीच दिसत नसे. त्यावरून होणारी भांडणे मला आजही आठवतात. डबीत ते भांडण नव्हते, कारण आरसा धरणारा आणि पाहणारा एकच होता.

मग ऑगस्ट २०२४ आला. विश्वामित्रीला पूर आला, शहराचा मोठा भाग काही दिवस पाण्यात राहिला, रस्त्यांवर मगरी दिसल्याच्या बातम्या देशभर गेल्या. मामांचे घर नदीपासून दूर नाही आणि ते तळमजल्यावर राहतात. माणसे वरच्या मजल्यावर गेली, कपाटाचे खालचे दोन खण मात्र पाण्याखाली राहिले, आणि डबी खालच्याच खणात होती.

पाणी ओसरल्यावर मी पोहोचले तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे मामा चिखलात पाय रोवून पहिल्यांदा काय करत होते, तर स्वच्छ पाण्याची बादली शोधत होते. भिजलेली फिल्म गुंडाळलेल्या अवस्थेत वाळली तर थर एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. म्हणून ती वाळू द्यायची नाही, स्वच्छ गार पाण्यात ठेवायची, पाण्यातच हळूहळू मोकळी करायची आणि मग टांगून वाळवायची, हे डार्करूमच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्यांनी डबी उघडली, पट्टी बादलीत सोडली, बोट न लावता पाणी तीन वेळा बदलले आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर, लाकडी चिमट्यांत, बा टांगल्या. फिल्मचा आधार प्लॅस्टिकसारखा असतो, पाण्याने त्याचे फारसे बिघडत नाही. चित्र असते ते त्यावरच्या जिलेटिनच्या लेपात, आणि जिलेटिन पाण्यात फुगते, मऊ होते, सरकते. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांपासून करतात, हे कट्टर वैष्णव बांना कळले असते तर त्या झोपाळ्यावरून तत्काळ उतरल्या असत्या.

पाणी गुंडाळीत कडांकडून शिरते, म्हणून लेप कडांवर आधी गेला. पट्टी वाळल्यावर डबीत घालून पाहिली तेव्हा मधोमध बा होत्या, साडीच्या जागी एक पांढरा डाग आणि चेहऱ्याच्या जागी काही फ्रेममध्ये चेहरा, काहींमध्ये शेवाळासारखी जाळी. दोन्ही बाजूंना मात्र नुसता उजेड होता, आणि त्या उजेडात चिखलाचे कण, ओरखडे, बुडबुड्यांच्या कडा उड्या मारत होत्या. दार नव्हते, उंबरा नव्हता. मुलगा गेला होता, आणि तो गेल्यामुळे जोडही सापडेनासा झाला होता.

शेजारच्या मुलीला हे दाखवले तेव्हा तिने मला नाम जून पाइक या कोरियन कलावंताचे १९६०च्या दशकारंभीचे ‘झेन फॉर फिल्म’ हे काम सांगितले. फ्लक्ससच्याच वर्तुळातला हा माणूस. त्याने काहीही न चित्रित केलेली कोरी, पारदर्शक फिल्म प्रोजेक्टरवर चालवली. पडद्यावर पांढरा चौकोन दिसतो, दुसरे काही नाही. पण फिल्म जितकी चालते तितकी धूळ तिच्यावर बसते, तितके ओरखडे उठतात, आणि हळूहळू तेच चित्र होते. एक खेळ दुसऱ्यासारखा होत नाही. अर्थात संग्रहालयाने अशी मूळ पट्टी जपायची ठरवली तर ती चालवणे थांबवावे लागते, आणि थांबवली की ओरखडे पडायचे थांबतात, म्हणजे काम थांबते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २००८ साली गिल्बर्ट आणि लीला सिल्व्हरमन यांचा फ्लक्ससचा प्रचंड संग्रह दाखल झाला. टपालाने विकायच्या डब्यांना आता हातमोजे घालून उचलावे लागत असेल, आणि मॅच्युनस, जो १९७८ साली वारला, यावर काय म्हणाला असता हे ज्याने त्याने ठरवावे.

हा प्रश्न आमच्या घरी फार लवकर आला. त्या मुलीला वर्गाच्या प्रदर्शनात डबी मांडायची होती. तिथल्या कोणीतरी सुचवले की डबीवर पारदर्शक पेटी ठेवावी आणि शेजारी एका पडद्यावर, मोबाइलने भिंगातून टिपलेली फिल्म चालू ठेवावी. सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. पन्नास-साठ वर्षांत ॲसिटेटची फिल्म आकसते, छिद्रांतले अंतर कमी होते, नखी छिद्राच्या कडेवर बसू लागते, आणि दर फेऱ्याला पट्टी थोडी थोडी फाटत असते. त्यात ही पुरातून निघालेली. तरीही मला तो सल्ला पटला नाही. पेटीतली डबी म्हणजे जुने प्लॅस्टिक, आणि पडद्यावरची फिल्म म्हणजे मोटर लावलेल्या बा. दोन्ही खरे असून डबी त्यात कुठेच नाही. दुसरीकडे, मामांच्या डबीला अवाँ-गार्द म्हणण्याविषयीही माझ्या मनात शंका होती आणि आहे. मामांनी कलेला आव्हान दिले नव्हते. मुलांचे फाटलेले खेळणे दुरुस्त केले होते. मी हे बोलून दाखवले तेव्हा ती मुलगी म्हणाली, “मावशी, पण त्यांनी तो काप झोका थांबल्यावरच का घेतला?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

निर्णय मामांनी दिला. “फिरवू दे गं लोकांना,” ते म्हणाले, “तुटली तर जोडू.”

प्रदर्शन तीन दिवसांचे होते. खिडकीपाशी एक स्टूल, स्टुलावर डबी, आणि कोणी खिशात घालून नेऊ नये म्हणून ती बँकेतल्या पेनासारखी सुतळीने बांधलेली. शेजारी हात धुवायला पाण्याची बादली आणि पंचा. ही कल्पना त्या मुलीची, आणि माझ्या मते प्रदर्शनातली सर्वांत चांगली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन तासभर कोपऱ्यात बसले. विद्यार्थी डबीकडे आधी फोन नेत आणि मग डोळा. फाटकावरचा वॉचमन मात्र हात धुऊन, पंचाला पुसून, डोळा लावून बसला आणि त्याने दांडी पहिल्यापासून उलटी फिरवली. झोपाळा उलटा-सुलटा सारखाच दिसतो, त्यामुळे त्याला ते कळले नसावे. “माजी हीचके छे,” म्हणजे आजी झोके घेताहेत, एवढे म्हणून तो उठला.

तिसऱ्या दिवशी जोड सुटला. मामांनी चिकटपट्टीने तो पुन्हा जोडला, पण दोन्ही टोकांची एकेक फाटकी फ्रेम कापावी लागली, आणि आता पट्टी १९८ फ्रेमची आहे. बांचा झोका पाठीमागे जाऊन विसावत असे, तो आता त्या एका ठिकाणी विसावत नाही, लगेच पुढे येतो. नव्या जोडाची पट्टी जाड आहे, ती नखीखालून जाताना दांडी किंचित अडते.

मामांना आता भिंगातून नीट दिसत नाही. संध्याकाळी ते डबी मांडीवर ठेवून, खिडकी कुठल्याच उजेडाकडे न करता, नुसती दांडी फिरवत बसतात. परवा मी शेजारी बसून भाजी निवडत होते. दांडी अडण्याच्या दोन-तीन फेरे आधी ते म्हणाले, “आला बघ दारात.” मग दांडी अडली, आणि ते पुन्हा फिरवू लागले.